तुम्ही विचारलंत म्हणून: ब्राउझरला सारखं अपडेट कशाला लागतं?

"एवढे हुशार लोक ब्राउझर लिहितात, मग सारखी भोकं कशी सापडतात?" सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचे पीसी सांभाळतो, त्यामुळे हा प्रश्न चहाबरोबर ठरलेला. मी उगाच घाबरवतो, असाही सूर असतो. नाही हो.

क्रोमियम म्हणजे क्रोम ब्राउझरचं मूळ कोड. ते लिहिणाऱ्यांनीच २०२० मध्ये सांगितलं की त्यांच्या गंभीर दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरी हाताळण्यातले आहेत. त्यातले निम्मे एकाच जातीचे: मेमरीचा तुकडा परत केला, पण त्याचा पत्ता कोडमध्ये कुठेतरी वापरात राहिला. त्या जागी हल्लेखोर आपला डेटा आणून बसवतो. ब्राउझर ज्या भाषेत लिहितात ती सी++ त्याला अडवत नाही.

नीट लिहिणाऱ्याच्या हातून असं होत नाही, असं पूर्वी मीही म्हणायचो. सप्टेंबर २०२३ पासून म्हणत नाही. वेबपी या प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या कोडमध्ये हफमन तक्त्यासाठी (दाबून लहान केलेला डेटा परत उलगडायचा तक्ता) जागा आधीच मोजून ठेवलेली असते. मुद्दाम बिघडवलेली फाइल त्या जागेबाहेर लिहायला लावत होती. वेड्यावाकड्या फाइली टाकून त्या कोडची वर्षानुवर्षं चाचणी चालू होती, तरी हे निसटलं. दुरुस्ती येण्याआधीच हल्ले सुरू होते.

मग सगळं रस्टमध्ये, म्हणजे मेमरीच्या अशा चुका अडवणाऱ्या भाषेत, लिहा म्हणाल. फायरफॉक्सने २०१७ मध्ये सीएसएसचा (पानाची मांडणी आणि रंगरूप ठरवणारा) भाग तसा बदललाही. पण लाखो ओळींचं जुनं कोड एका झटक्यात कोण बदलणार? आणि जावास्क्रिप्ट इंजिन चालता चालता स्वतःच मशीन कोड तयार करतं, त्यात गफलत झाली तर रस्टही काही करू शकत नाही.

वेबपीची बातमी आली तेव्हा मी एका कारखान्यात होतो. जॅकार्ड डिझाइनचं (मागावर विणून काढायच्या नक्षीचं) जुनं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच चालतं, म्हणून तो पीसी तसाच ठेवलेला. त्यावर क्रोम १०९, विंडोज ७ साठीचं शेवटचं. पार्टीने पाठवलेली डिझाइनं त्याच ब्राउझरमध्ये उघडायची.

"मालक, या पीसीला नेट नको."

"अहो, फोटोच बघतोय. डाउनलोड कुठे करतोय?"

फोटो दिसतो तोच मुळी त्या कोडने फाइल उलगडल्यावर, वेगळं क्लिक लागतच नाही, हे मी परत परत सांगितलं. त्यांचं लक्ष शेडकडे होतं. एक माग बंद पडला होता आणि माल शनिवारी जायचा होता. शेवटी म्हटलं, नेटची वायर काढा, चित्रं पेनड्राइव्हने आणा.

"पेनड्राइव्ह लावू नका, हेही तुम्हीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं, आणि तेही खरंच आहे. नवं सॉफ्टवेअर घ्या म्हणणं मला सोपं, पैसे त्यांचे जातात. तरी म्हटलंच.