त्यांची उन्हाळी सुट्टी, आपला पावसाळा : नाशिक जिल्ह्यातील बोलींच्या क्षेत्रकार्याचा वृत्तांत

परदेशी विद्यापीठात भाषाविज्ञानाचे संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला क्षेत्रकार्यासाठी सलग मोकळीक मिळते ती जून ते ऑगस्ट या काळात, आणि तिला तिकडे उन्हाळी सुट्टी म्हणतात. नाशिक जिल्ह्यात हेच दिवस पेरणीचे, आवणीचे (रोपलावणीचे) आणि निंदणीचे असतात. या एका विसंगतीचा विचार निघण्यापूर्वी केला नाही, तर उत्तम यंत्रे आणि उत्तम प्रश्नावली सोबत असूनही बोलायला माणूस मिळत नाही. अहिराणी आणि कोकणा या दोन बोलींच्या नोंदींसाठी गेल्या सुट्टीत मी या जिल्ह्यात जे काम केले, त्याचा हा वृत्तांत पुढे याच कामासाठी येणाऱ्यांच्या सोयीसाठी लिहीत आहे.

जिल्ह्याची भाषिक रचना ढोबळपणे अशी आहे. उत्तर आणि ईशान्येला बागलाण, मालेगाव, देवळा आणि कळवणचा काही भाग येथे अहिराणी बोलली जाते, आणि ती पुढे धुळे, जळगाव, नंदुरबारपर्यंत पसरलेली आहे. पश्चिमेला सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांत कोकणा समाजाची बोली आहे, जी सीमेपलीकडच्या गुजरातच्या डांगमधील बोलीशी इतकी मिसळलेली आहे की नकाशावरची राज्याची रेघ भाषेला लावता येत नाही. त्याच पट्ट्यात वारली, भिल्ल आणि महादेव कोळी वस्त्याही आहेत. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या ब्रिटिशकालीन भाषा-सर्वेक्षणात खानदेशीचा (अहिराणी जिच्यात मोडते तिचा) समावेश 1907 च्या भिल्ल भाषांच्या खंडात झाला, आणि 2011 च्या जनगणनेतही खानदेशी हे मराठीहून वेगळे शीर्षक असून त्याखाली सुमारे 18 लाख 60 हजार भाषक नोंदले गेले. प्रत्यक्ष गावात मात्र ‘मातृभाषा कोणती’ असे विचारले की निम्मे लोक मराठी असेच सांगतात. म्हणून गावाची निवड जनगणनेच्या तक्त्यावरून करू नये. एसटीच्या थांब्यावर तासभर बसून कानाने करावी.

कामाचे वेळापत्रक हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. सुरगाणा आणि पेठ भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांत किंवा शहरातल्या बांधकामांवर मजुरीला जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. त्यामुळे जूनचा पहिला पंधरवडा पश्चिमेकडे घालवावा. माणसे घरी असतात, राब (रोपांसाठीची जमीन) भाजून झालेले असतात, पेरणीची तयारी चालू असली तरी दुपारी बोलायला उसंत असते. जुलैत भाताची आणि नागलीची आवणी सुरू झाली की पश्चिम पट्टा सोडावा. सकाळी आठला चिखलात उतरलेली बाई संध्याकाळी सातला घरी येते, चूल पेटवते, आणि अशा वेळी तिच्यासमोर शब्दयादी धरणे हे निव्वळ अशोभनीय आहे. त्या काळात अहिराणी पट्ट्यात जावे. बागलाण आणि मालेगाव पर्जन्यछायेत असल्याने पाऊस बेताचा असतो, निंदणीचे काम चालू असले तरी ऐन दुपारी खंड पडतो, आणि रस्तेही धड असतात. ऑगस्टच्या उत्तरार्धात आवणी उरकल्यावर पुन्हा पश्चिमेला यावे. हा क्रम मला बागलाणातल्या सटाण्याच्या एका मका व्यापाऱ्याने आखून दिला आणि तो माझ्या विद्यापीठाने मंजूर केलेल्या आराखड्यापेक्षा कितीतरी शहाणा होता.

प्रवासासाठी नाशिक शहर हेच मुख्य ठाणे ठेवावे. पेठ साधारण 55 किलोमीटर, सुरगाणा आणि सटाणा प्रत्येकी सुमारे 90 किलोमीटर आहे. पेठ रस्त्यावरील सावळ घाट आणि कोटंबी घाटात पावसाळ्यात धुके इतके दाट असते की भाड्याची मोटारसायकल घेऊन जाण्याचे धाडस करू नये. मुक्कामी गाडी हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. ती संध्याकाळी गावात पोहोचते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे गाडी परत निघते. तिच्यातून उतरलेला माणूस रात्री गावातच राहणार हे सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे जेवणाची आणि पथारीची चौकशी आपसूक होते. शिवाय त्या गाडीतले संभाषण हे बोलीचे उत्तम दालन आहे, मात्र ते परवानगीशिवाय ध्वनिमुद्रित करता येत नाही, केवळ ऐकता येते.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगतो. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना विशेष अडचण नाही. ओसीआय कार्डधारकांना (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना) मात्र 2021 च्या अधिसूचनेनुसार संशोधनासाठी स्वतंत्र परवानगी लागते आणि ती हाती यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज हिवाळ्यातच करावा. परदेशी सहकारी सोबत असेल तर लॉजमालकाला त्याची नोंद 24 तासांत करावी लागते. लहान गावातला लॉजमालक या भानगडीला कंटाळून खोलीच नाकारतो, याची तयारी ठेवावी. शासकीय आश्रमशाळेत काम करायचे असल्यास एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचे पत्र हवे, आणि पेठसाठी ते नाशिकला, तर सुरगाण्यासाठी कळवणला मिळते. गावात पहिल्या दिवशी सरपंचांना आणि पोलीस पाटलांना भेटावे. त्यात औपचारिकतेपेक्षा शिष्टाचाराचा भाग मोठा आहे.

विद्यापीठाच्या नीती समितीने दिलेले संमतिपत्र हा स्वतंत्र विषय आहे. तीन पानी मजकूर, खाली सही किंवा अंगठा, हे पाहिल्यावर कर्जाचा किंवा जमिनीचा कागद असावा अशीच शंका येते, आणि ज्या भागात वनहक्काचे दावे वर्षानुवर्षे चालले आहेत तिथे ही शंका रास्त आहे. समितीकडून तोंडी संमतीची मुभा आधीच मागून घ्यावी. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला आपण कोण, आवाज कशासाठी हवा, तो कुणाला ऐकवला जाईल आणि नको वाटल्यास कसा काढून टाकता येईल, हे त्यांच्याच शब्दांत बोलून घ्यावे. सुरगाण्याच्या सीमेवर आणखी एक भान हवे. 2022 च्या अखेरीस तिथल्या काही गावांनी सुविधांअभावी गुजरातमध्ये सामील होण्याची मागणी केली होती, त्यामुळे ‘तुमची भाषा मराठीला जवळची की गुजरातीला’ हा प्रश्न भाषाविज्ञानाचा राहत नाही. तो विचारूच नये.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती आपण मराठी असल्यामुळे येते. परक्या माणसासमोर लोक बोली बाजूला ठेवून शाळेत शिकलेली मराठी बोलतात. जर्मन संशोधकाला ते निदान हातवारे करून आपल्या बोलीत समजावतात, पण पुण्या-मुंबईच्या वळणाचे मराठी बोलणाऱ्याला अहिराणी ऐकवणे त्यांना कमीपणाचे वाटते. शब्दयादी घेऊन ‘याला काय म्हणता’ असे विचारत गेल्यास यादी भरते आणि वाक्यरचना हाती लागत नाही. यावर उपाय म्हणजे आपण संभाषणातून बाहेर पडणे. भाषावैज्ञानिक वॉलेस चेफ यांनी 1975 मध्ये बर्कलीत तयार करवून घेतलेली, संवाद नसलेली सहा मिनिटांची फळचोरीची चित्रफीत अनेक भाषांच्या अभ्यासात वापरली गेली आहे. ती एका बाईला दाखवावी आणि तिने ती फीत न पाहिलेल्या आपल्या जावेला ती गोष्ट सांगावी, अशी मांडणी करावी. बागलाणात डाळिंबाच्या बागा असलेल्या एका घरात हा प्रयोग केला, तेव्हा सांगणारीने मुलाने टोपली पळवल्याचा प्रसंग दोन वाक्यांत उडवला आणि शिडीवर चढलेल्या शेतकऱ्याने खाली राखणदार का ठेवला नाही, यावर ती आणि तिची जाऊ बराच वेळ भांडत राहिल्या. क्रियापदांची जी भविष्यकाळी आणि संकेतार्थी रूपे प्रश्नावलीत मिळत नव्हती, ती सगळी त्या भांडणात होती. मी पडवीत बसून फक्त वेळ टिपत होतो.

यंत्रांविषयी. पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की कोणताही मायक्रोफोन हरतो. कौलारू किंवा गवती छपराचे घर, किंवा धान्याच्या कणग्या ठेवलेली आतली खोली निवडावी. कॉलरला लावायचा मायक्रोफोन साडीच्या पदराखाली घासतो, म्हणून तो पदराच्या विरुद्ध खांद्याजवळ लावायला बाईलाच सांगावे. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट स्टिरिओ मुद्रणाला तासाला सुमारे 1 जीबी जागा लागते, त्यामुळे मोठी कार्डे आणि दोन स्वतंत्र हार्ड डिस्क हव्यातच. पावसाळ्यात सुरगाण्यात वीज दोन-दोन दिवस नसते, तेव्हा पेन्सिल सेलवर चालणारा रेकॉर्डरच न्यावा. सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा यांवर खर्च करताना हात आखडू नये. लिप्यंतरासाठी त्याच गावची महाविद्यालयात जाणारी मुलगी सहायक म्हणून घ्यावी, तिला दिवसाच्या शेतमजुरीहून निश्चितपणे अधिक मोबदला द्यावा आणि प्रबंधात तिचे श्रेय कसे नोंदवायचे ते तिलाच विचारावे.

ज्यांना गावोगाव फिरणे शक्य नाही, त्यांनी नाशिक शहराकडे दुर्लक्ष करू नये. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काम करण्यासाठी खानदेशातून आलेल्या कुटुंबांनी सिडको आणि सातपूरच्या वसाहती भरलेल्या आहेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई ही खानदेशातली देवी बसते, रात्रभर अहिराणी गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. परदेशी सुट्टीत सापडणारा हा एकमेव मोठा अहिराणी सण आहे. पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासींचे उत्सव, म्हणजे मुखवट्यांचा बोहाडा चैत्र-वैशाखात आणि डोंगऱ्या देव मार्गशीर्षात, असल्याने ते दोन्ही हुकतात. कानबाईच्या घरी जाताना एक पथ्य पाळावे. रोट हा प्रसाद भाऊबंदांपुरता असतो, तो मागू नये आणि न मिळाल्याचे वाईट वाटून घेऊ नये. गाण्यांचे मुद्रण करण्याआधी घरातल्या सर्वांत थोर बाईची परवानगी घ्यावी. वयस्क पुरुषांना आबा, नाना किंवा अप्पा म्हणावे. ‘सर’ म्हटले की समोरचा लगेच कार्यालयीन मराठीत शिरतो.

संदर्भासाठी 1840 मध्ये स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय आणि 1883 चे जिल्हा गॅझेटियर उपयोगी पडतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसह केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची सामग्री ऑनलाइन खुली आहे. ती निघण्यापूर्वी ऐकून आल्यास कान तयार होतो आणि आधीच नोंदलेली रूपे पुन्हा गोळा करण्यात दिवस जात नाहीत.

परतण्यापूर्वीचे शेवटचे चार-पाच दिवस नव्या मुद्रणासाठी ठेवू नयेत. ज्यांचे आवाज घेतले त्यांच्या घरी जाऊन ते ऐकवावेत, संशयास्पद शब्द तपासून घ्यावेत आणि प्रत्येकाची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा घरातल्या मुलाच्या मोबाइलवर द्यावी. या फेरीत सुधारणा तर मिळतातच, शिवाय आधी न बोललेली शेजारीण ‘तिनं चुकीचं सांगितलं’ म्हणत स्वतःहून मायक्रोफोनसमोर येऊन बसते, तेव्हा एक कार्ड रिकामे ठेवून जावे.