नुसतं बघणं म्हणजे शिकणं नव्हे
आज प्रकाशसंश्लेषण शिकवताना स्मार्टबोर्डवर थ्रीडी अ‍ॅनिमेशन लावलं. वर्ग चिडीचूप, सगळ्यांच्या नजरा पडद्यावर. संपल्यावर विचारलं, "इवल्याशा बीचं एवढं मोठं झाड होतं, ते सगळं लाकूड येतं कुठून?" जवळजवळ सगळे ओरडले, "मातीतून!" पानात शिरणारा कार्बन डायऑक्साइड नुकताच डोळ्यांनी पाहिला असूनही!

मग पडदा बंद केला. आधी प्रत्येकाने उत्तर लिहायचं, नंतर शेजाऱ्याला पटवायचं. काय जुंपली म्हणून सांगू! "अरे, मग कुंडीतली माती संपत का नाही?" हा प्रश्न एरवी तोंडही न उघडणाऱ्या मुलीचा. तिथून गाडी हवेपर्यंत पोचली.

हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्र असंच शिकवायला घेतलं. तिथे क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवायचं छोटं यंत्र) फक्त उत्तरं मोजतो, खरं काम मधल्या वादात होतं. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या २०१५ च्या अहवालातही शिक्षणातल्या संगणकांवर भरपूर खर्च करणाऱ्या देशांत वाचन, गणित, विज्ञानात लक्षणीय सुधारणा दिसली नव्हती. मला याचं आता जराही आश्चर्य वाटत नाही.

पुढचा धडा श्वसनाचा आहे. मुलं अशीच भांडतील असा प्रश्न कुणाला सुचला तर नक्की सांगा.