ससूनांचं झाड नव्वद शब्दांत

पुण्यात ससून म्हटलं की हॉस्पिटल, आणि पेपरात 'जखमीला ससूनला हलवलं'. त्यामागे माणसं होती हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. मी प्रदर्शनांचा मजकूर लिहिते, म्हणजे लोक ज्याच्यापुढे उभं राहून सेल्फी काढतात त्या पॅनेलवरचा. एका संस्थेला ससून घराण्यावर पॅनेल हवं होतं, वंशवृक्ष आणि खाली ९० शब्द. यापेक्षा जास्त उभं राहून कोणी वाचत नाही हो, आणि खालची ओळ छातीच्या खाली गेली तर ती फक्त लहान मुलंच वाचतात.

खरा घाम वंशवृक्षाने काढला. बगदादच्या पाशांचे, म्हणजे तिथल्या सुभेदारांचे, खजिनदार शेख ससून, त्यांचा मुलगा डेव्हिड (१७९२-१८६४), जो पाशाच्या जाचाला कंटाळून इराणमधल्या बुशहरमार्गे १८३२ मध्ये मुंबईत आला. इथपर्यंत सरळ. पण या बगदादी ज्यू लोकांत आपल्यासारखंच स्वतःचं नाव, मग बापाचं, आणि आजोबांचं नाव नातवाला. त्यामुळे एक मुलगा ससून डेव्हिड ससून, दुसऱ्या मुलाचा, एलियसचा, मुलगा जेकब एलियस ससून. शिवाय अब्दुल्लाचा अल्बर्ट झाला, अब्राहमचा आर्थर झाला, आमचा डिझायनर म्हणाला ताई ही दोन माणसं आहेत का एक, आणि तो चुकीचं विचारत नव्हता.

त्यात फ्लोरा. फ्लोरा (१८५९-१९३६) ही अल्बर्टच्या मुलीची मुलगी, म्हणजे डेव्हिडची पणती. आणि तिचं लग्न झालं डेव्हिडच्याच एका धाकट्या मुलाशी, सॉलोमनशी, म्हणजे आईच्या सावत्र काकाशी! म्हणजे ती पणतीही आणि सूनही. सॉफ्टवेअरला हे मान्यच नाही, ते दरवेळी तिला दोन ठिकाणी दोन बायका करून टाकायचं. शेवटी मी ऑटो-ट्री बंद केलं आणि कोरेलमध्ये हाताने रेघा मारल्या, एक तुटक रेघ खालून वळून वर जाते ती. मला त्या रेघेचा आजही अभिमान आहे, कोणी बघत नाही तरी. नवरा १८९४ ला गेल्यावर मुंबईची पेढी या बाईने चालवली, १९०१ ला लंडनला जाईपर्यंत. कमिटीच्या पहिल्या यादीत ती नव्हतीच. मुलीच नव्हत्या. १८५८ मध्ये मुंबईत जन्मलेली रेचल बिअर, पुढे लंडनची दोन पेपरं, ऑब्झर्व्हर आणि संडे टाइम्स, एकाच वेळी सांभाळणारी, तीही नव्हती. पण तिचा भाचा कवी सिगफ्रीड, तो मात्र आधीपासून होता, त्याचा तर पुण्याशी काही संबंधही नाही.

फायनल प्रूफच्या दिवशी सगळे जमले, चहा आला, आणि अर्थात 'अफू' या शब्दावर गाडी अडली. मी लिहिलं होतं: कापूस, अफू आणि कापड यांच्या व्यापारातून. माळव्याची अफू मुंबईतून चीनला जायची, एलियस १८४४ मध्येच तिकडे गेला होता, यात गुपित काहीच नाही, ब्रिटिशांच्या राज्यात तो उघड धंदा होता. तरी एकजण म्हणाले वाद कशाला, डेव्हिड दानशूर माणूस आहे. एका डॉक्टरांनी तर अफू हे औषधच आहे असं सांगितलं. चीनमधल्या लोकांना हे सांगून बघा म्हणावंसं वाटलं. मग मी म्हटलं, शब्द काढा, पण माझं नाव पॅनेलखाली नको. नाव लिहिलेली प्लेट आधीच छापून आली होती त्यामुळे ते नरमले (प्लेटचे पैसे हा मोठा मुद्दा असतो). शब्द राहिला.

आता जे डोक्यातून जात नाही ते. कमिटीत एक म्हातारे काका होते, बेने इस्रायल, म्हणजे कोकणात पिढ्यान्पिढ्या राहिलेले मराठी ज्यू, अस्सल पुणेरी मराठी बोलणारे, सगळा वेळ गप्प. अफू निपटली तेव्हा ते म्हणाले, मला डेव्हिडबद्दल पॅनेलवर जे 'ज्यू समाजाचा आधारस्तंभ' लिहिलंय त्यावर बोलायचंय. कुठल्या ज्यू समाजाचा? आम्ही कोकणातले शनिवार तेली, शनिवार सोडून तेलाचे घाणे चालवणारे, बगदादी लोक कितीतरी वर्षं आम्हाला प्रार्थनेला लागणाऱ्या दहा माणसांत मोजायलासुद्धा तयार नसायचे. लाल देवळाच्या, म्हणजे त्यांच्या सिनेगॉगच्या, आवारात डेव्हिडची कबर आहे, छान आहे, पण आमचं सिनेगॉग रास्ता पेठेत वेगळं आहे, ते का आहे हे एका ओळीत लिही ना गं.

कोणी 'नको' म्हणालं नाही. अध्यक्षांनी शब्द मोजायला सांगितले. ९० पूर्ण होते. 'विषयांतर होईल' असं कोणीतरी म्हणालं आणि पुढचा विषय निघाला, उद्घाटनाला हार कोणाचा. 'आधारस्तंभ' गेला, त्याच्या जागी 'दानशूर व्यापारी' आलं, आणि हे आपलं समाधान म्हणून मला सांगण्यात आलं. अफूवर तासभर भांडलो सगळे, आणि याला दोन मिनिटं. मला वाटतं चीन लांब आहे म्हणून ते भांडण परवडलं. बाहेर पार्किंगमध्ये काकांना म्हटलं, मी पुन्हा विचारते. ते म्हणाले विचार, पण तिकडे बगदादी कोणी उरलं नाही, रागावणार कोण?

हे पॅनेल आता मुंबईला जातंय, ससून लायब्ररी आणि ससून डॉक जिथे आहेत तिथे. मी ११० शब्दांची परवानगी मागितली आहे, मेलला अजून उत्तर नाही, आणि फ्लेक्सवाला रोज फोन करून विचारतोय की फाइल कधी देताय.