तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांची श्रद्धा, माझी यादी आणि थोरली

आमच्या कॅथलिक चर्चमध्ये मी घेते तो रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला की दारात कुणी ना कुणी आईबाप थांबलेले असतात. "टीचर, घरी काय वापरता तुम्ही? एखादं अ‍ॅप, पुस्तक, काहीतरी सुचवा ना. दोघंही कामाला जातो, मुलांचे क्लास, परीक्षा, वेळच उरत नाही." मी दोन नावं सांगते, ते मोबाइलमध्ये टिपून घेतात आणि आम्ही सगळेच घाईत निघतो. वर्षानुवर्षं हेच चाललंय. आज एकदा सविस्तर सांगते. तुम्ही विचारता एक आणि तुम्हाला हवं असतं दुसरंच, असं मला वाटत आलंय, आणि त्या दुसऱ्याबद्दल मी आजवर तोंड उघडलेलं नाही.

आधी यादीच घ्या. साधनांना नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. मी ती वापरली, अजूनही वापरते.

आमच्याकडे सगळ्यांत कामाला आलं ते रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा त्या दिवशीचा उतारा, शनिवारी रात्रीच वाचणं. कुठलंही बायबल चालतं, पाच मिनिटं लागतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांची सभा), १९६९ साली, रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र आलं. एक वर्ष मत्तयचं शुभवर्तमान, एक मार्कचं, एक लूकचं, आणि योहानचं अधूनमधून सगळ्यांत. त्यामुळे बापाचा पैसा उडवून, डुकरं राखायची वेळ आल्यावर घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राची गोष्ट मूल सहा वर्षांचं असताना ऐकतं, तीच पुन्हा नवव्या वर्षी, बाराव्या, पंधराव्या. सहाव्या वर्षी सगळे प्रश्न डुकरांबद्दल असतात. पंधराव्या वर्षी मूल घरीच राबत राहिलेल्या थोरल्या भावाची बाजू घेतं आणि जेवणं थंड होईपर्यंत वाद चालतो. घरात श्रद्धेवर खरंखुरं बोलणं झालं ते मला आठवतं तेवढं बहुतेक या वाचनावरूनच.

रोझरी, म्हणजे मारियेची जपमाळ. पाच रहस्यांच्या (येशू आणि मारियेच्या जीवनातल्या प्रसंगांच्या) अख्ख्या माळेला वीसेक मिनिटं लागतात, आणि तेवढी नाहीत म्हणून कित्येक घरांत ती पूर्णच सुटली. एकच रहस्य म्हणा. एकदा 'हे आमच्या स्वर्गातील बापा', दहा वेळा 'नमो मारिया', शेवटी गौरवाची छोटी प्रार्थना. तीनचार मिनिटांचं काम. अर्धी माळ ही माळच नव्हे, असं मला ऐकवलं गेलंय. मला ते पटत नाही. रोझरी भक्तीसाठी आहे, चर्चनं ती कुणाला सक्तीची केलेली नाही.

कपाळावर क्रूस. बाप्तिस्म्याच्या वेळी फादरांनंतर आईबापांनाही बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करायला सांगतात, आठवतंय? ती खूण त्या एका दिवसापुरती नव्हती. झोपण्याआधी रोज करता येते. ज्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोलत नसतं त्या दिवशीही करता येते, आणि त्याच दिवशी तिची जास्त गरज असते.

संत इग्नाशियसनं शिकवलेलं रोजचं आत्मपरीक्षण लहान करून जेवणाच्या टेबलावर आणता येतं: आज कशाबद्दल देवाचे आभार, कशाबद्दल क्षमा. पण मोठ्यांनी आधी बोलायचं. नाहीतर ती मुलांची उलटतपासणी होते.

'यूकॅट' २०११ साली आलं. तरुणांसाठी श्रद्धेवरच्या प्रश्नोत्तरांचं पुस्तक आहे, तेरा वर्षांच्या पुढच्यांना द्या, त्याच्या आधी नको. अ‍ॅपमध्ये 'हॅलो' (Hallow) हे प्रार्थनेचं अ‍ॅप बरं आहे, पण ते तुमच्यासाठी, कामावर जातायेता कानात लावायला. मुलांच्या झोपेच्या वेळी नको. फोन हातात आला की प्रार्थना संपल्यावरही तो हातातच राहतो. आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, चार मेणबत्त्यांचं चक्र लावा, तीन जांभळ्या, एक गुलाबी. लहान मुलांना वाट बघणं म्हणजे काय ते त्याहून सोपं करून कुणी सांगू शकत नाही.

आणि तान्ही मुलं असलेल्या आयांनो, चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चुकण्याच्या रास्त कारणांत तान्ह्या बाळाची देखभाल हे कारण नाव घेऊन दिलेलं आहे. शनिवार संध्याकाळची मिस्साही चालते. अपराधी वाटून घेणं थांबवा.

एवढं ऐकून बहुतेकजण जातात. काहीजण रेंगाळतात. त्यांना माझ्या थोरल्या मुलीचं माहीत असतं. ते तोंडानं विचारत नाहीत, पण एका बाईंनी विचारलं होतं: "टीचर, तुम्ही एवढं सगळं केलंत, तरी तिनं तसं का केलं?" तेव्हा मी फक्त हसले. तो प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

तिच्या गटाचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, ठरलं होतं. बिशप यायच्या आधी फादर एकेका मुलाला बोलावून भेटत होते. ती गेली, परत आली, काही बोलली नाही. संध्याकाळी फादरांचा फोन आला, जरा येऊन जाता का म्हणून. मला वाटलं गाण्यांचं काही असेल. गेल्यावर त्यांनी आधी दार लावून घेतलं. म्हणाले, "टीचर, ती म्हणते तिला इतक्यात दृढीकरण नको." मी म्हटलं, घाबरली असेल, मी बोलते तिच्याशी. ते म्हणाले, "घाबरलेली नाही. तयारी करून आली होती."

दृढीकरणात उमेदवार बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण करतात, हे तुम्हाला सांगायला नको. बिशप एकेक प्रश्न विचारतात, पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर, चर्चवर तुमचा विश्वास आहे का, आणि मुलं एका आवाजात 'आहे' म्हणतात. तिनं फादरांना सांगितलं होतं की यांतल्या दोन प्रश्नांना तिला मनापासून 'आहे' म्हणता येणार नाही. कोणते दोन, ते फादरांनी मला सांगितलं नाही. बरोबरच केलं त्यांनी. मीही तिला कधी विचारलं नाही, आणि आजही मला माहीत नाही.

त्या रात्री घरी मी तिला काय काय म्हटलं ते सगळं इथे लिहिणार नाही. कपडे शिवून झालेत, तिच्या धर्ममातेनं (गॉडमदरनं) रजा टाकलीय, नातेवाईक येणार आहेत, हे सगळं म्हणून झालं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मम्मी, बिशपना दिलेलं उत्तर आपण देवाला देतो, असं तूच शिकवलंस ना वर्गात? मग खोटं कसं बोलू?"

मी म्हटलं, "शंका सगळ्यांनाच असतात. तू हो म्हण. विश्वास मागून येतो."

"तुझा आला?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. ती थांबली, मग आत गेली. माझा नवरा दारात उभा होता, त्यानंही काही ऐकलं नसल्यासारखं केलं नाही. तो येऊन बसला आणि आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो.

मी तिला जे म्हटलं ते चूक होतं असं मी आजही मानत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास दूर करा. एकाच दमात दोन्ही. आणि येशू त्याला, आधी नक्की ठरवून ये, असं म्हणून परत पाठवत नाही, त्याच्या मुलाला बरं करतो. शब्द आधी आणि मन त्याच्या मागून, असं माझ्या बाबतीत झालंय. लग्नाच्या दिवशी दिलेल्या वचनाचा अर्थ मला त्या दिवशी कुठे कळला होता? म्हणून त्या रात्रीची मी अगदीच खोटी नव्हते. पण तो बाप आपल्या मुलासाठी बोलत होता. मी त्या रात्री तिच्यासाठी बोलत होते की रजा टाकलेल्या धर्ममातेसाठी, नातेवाइकांसाठी, वर्गाच्या दारात मला भेटणाऱ्या आईबापांसाठी? दोन्ही असणार. किती कशाचं, ते मला वेगळं करता येत नाही.

दृढीकरणाच्या रविवारी मी नेहमीसारखी माझ्या वर्गातल्या लहानग्यांबरोबर उभी होते. तिचा गट पुढच्या बाकांवर होता. ती आली होती, मागे तिच्या बाबांजवळ बसली होती. धर्ममाताही आली, रजा मोडली नाही तिनं, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. बिशप मुलांच्या कपाळांना पवित्र तेल लावत होते तेव्हा शेजारची एक बाई मला म्हणाली, "तुमची दिसत नाही." मी म्हटलं, "मागे बसलीय." एवढे दोन शब्द बोलताना माझा गळा दाटला होता, हे मी आज पहिल्यांदाच कुणाला सांगतेय.

नंतर तिचं यूकॅट चाळलं. पेन्सिलच्या रेघा सगळ्या प्रश्नांखाली होत्या. उत्तरांखाली एकही नाही. ते पुस्तक मीच तिला दिलं होतं, आणि ती ते वाचत होती, माझ्या वर्गातल्या कित्येकांपेक्षा जास्त.

मग त्या बाईंच्या प्रश्नाला काय सांगू? कधी वाटतं, जे शिकवलं तेच तिनं केलं. देवासमोर खोटं बोलायचं नाही, हे तिनं आमच्यापेक्षा गांभीर्यानं घेतलं. त्या गटात 'आहे' म्हणणारी काही मुलं त्यानंतर चर्चमध्ये दिसलेली नाहीत, आणि ही मात्र 'नाही' म्हणून दर रविवारी येत राहिली. मग रात्री कधीतरी वाटतं, ही मी माझी समजूत काढतेय. मुलीनं नाही म्हटलं, आणि त्या नकारातसुद्धा मी स्वतःचं यश शोधतेय.

अशा वेळी मी झेली मार्टिनकडे वळते. फ्रान्समधल्या संत छोट्या तेरेजाची आई. या नवराबायकोला, लुई आणि झेलीला, २०१५ साली एकत्र संत घोषित केलं. पण मला तिची आठवण येते ती वेगळ्या कारणानं. ती लेसचा धंदा चालवायची, हाताखाली कारागीर बायका होत्या, मागण्यांच्या तारखा पाळायच्या होत्या. 'वेळच मिळत नाही' हे तिला सांगायला नको होतं. घरात प्रार्थना होती, मिस्सा होती, सगळं होतं. त्या घरातून तेरेजा झाली, आणि त्याच घरातून तिची बहीण लेओनी झाली. लेओनी कुणाचं ऐकायची नाही, शाळेत टिकायची नाही, आणि झेलीच्या पत्रांतून तिची काळजी पुन्हा पुन्हा डोकावते. १८७७ साली झेली कर्करोगानं गेली तेव्हा लेओनी चौदा वर्षांची होती. पुढे ती मठात गेली, परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि १८९९ साली गेली ती कायमची राहिली. आईला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. एकच घर, एकच आईबाप, एकच प्रार्थना. कोणत्या मुलीला कोणतं साधन लागू पडलं, हे झेलीलाही सांगता आलं नसतं. ते मी वर्गाच्या दारात दोन मिनिटांत कसं सांगू?

पोप फ्रान्सिस यांनी २०१६च्या कुटुंबावरच्या पत्रात आईबापांना बजावलंय की मुलांवर सतत डोळा ठेवून पछाडल्यासारखं राहणं म्हणजे शिक्षण नव्हे. मूल आत्ता कुठे आहे, यापेक्षा त्याचं मन कुठे आहे, ते बघा. वाचलं तेव्हा मी मान डोलावली होती. आता विचारावंसं वाटतं, मन कुठे आहे ते बघायचं कसं? ती दोन उत्तरं मला माहीत नाहीत. विचारलं तर ती सांगेलही. पण मग ती माझ्यासाठी सांगेल.

तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला पुढे दिलं. सांगितलं की माझा विश्वास येतो, जातो, कधी नुसते शब्दच उरतात आणि मी तेच म्हणत राहते. तिनं एवढंच विचारलं, "मग वर्गात हे का सांगत नाहीस?" लहान मुलांना सांगायची ती गोष्ट नव्हे, असं मी म्हटलं. तिला पटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही.

ती आता कॉलेजात आहे. रविवारी कधी येते, कधी नाही. रात्री कपाळावर क्रूस करू देते, पण त्याचा अर्थ लावायला मी धजत नाही.

उरला शेवटचा प्रश्न, तोही तुम्ही विचारताच: "मग पुढे काय? दृढीकरण राहूनच जाणार का?" दृढीकरणाला वरच्या वयाची मर्यादा नाही, मोठेपणीही घेता येतं. बिशप पुन्हा येणार आहेत. माझा नवरा म्हणतो, तिला आता विचारायला हवं, कारण चर्चच्या कायद्यानं वेळेवर दृढीकरण घेणं श्रद्धावंतांवर बंधनकारक आहे आणि मुलांची तयारी होतेय की नाही हे बघणं आईबापांवर. कलम ८९०. तो वाचूनच बोलतो. मी त्याला आधीचं कलम दाखवते, ८८९: कळत्या वयाच्या माणसाला बाप्तिस्म्याची वचनं स्वतः नव्यानं देता आली पाहिजेत. तो म्हणतो, न विचारणं हीसुद्धा जबाबदारी टाळण्याची एक रीत आहे. मी म्हणते, मी एकदा विचारलंय, आणि कसं विचारलं ते तुझ्यासमोर झालंय. आमचं यावर एकमत नाही. नावं द्यायची तारीख अजून लागलेली नाही, आणि तोवर तरी तिला विचारायचं की नाही ते आम्ही ठरवलेलं नाही.