आमची वाटचाल : उद्यमनगरातून साखर कारखान्यांकडे

पुण्याच्या फोर्जिंग कंपनीत अल्ट्रासोनिक टेस्टिंग (ध्वनिलहरी सोडून धातूच्या आतले दोष शोधणं) शिकलो, त्यातल्या तपासनिसाच्या लेव्हल टू पात्रतेला पोचलो आणि कोल्हापूरला परतलो. शिरोली, गोकुळ शिरगावात एवढ्या फौंड्र्या, मग कामाला काय तोटा, असा हिशोब होता. पण ग्रे आयर्न ह्या ओतीव लोखंडातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांवर ध्वनिलहरी विखुरतात आणि स्क्रीनवर नुसतं गवत (बारीक निरर्थक खुणांची गर्दी) उगवतं. फौंड्रीवाल्यांनी चहा पाजला, ऑर्डर काही दिली नाही.

आम्हाला जगवलं साखर कारखान्यांनी. गाळप संपलं की मिलचे ऊस पिळणारे रोलर बाहेर निघतात. शाफ्टवर ओतीव लोखंडाचं शेल (बाहेरचं कवच) गरम करून चढवलेलं, त्यामुळे मधलं काही दिसत नाही. तडा बहुधा जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या शाफ्टच्या भागाच्या) खांद्याशी, जिथं व्यास बदलतो तिथं जातो. शाफ्टचं तोंड घासून ग्रीस लावायचं (हवेची फट राहिली तर लहर आत शिरत नाही) आणि २ मेगाहर्ट्‌झचा प्रोब (लहर सोडणारं आणि परतलेली टिपणारं साधन) टेकवायचा. पोलादात लहर सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर जाते. परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं.

इतकं कुणालाही जमेल. मेख पुढं आहे. चावीचा गाळा, व्यासाची पायरी, शेलची पकड, सगळ्यांचे इको (परतलेल्या लहरींच्या खुणा) येतात. लांब शाफ्टमध्ये लहर कडेला आपटून रूप बदलते आणि दुसऱ्या टोकाच्या इकोनंतरही भलतेच इको उठतात. म्हणून ड्रॉइंगशिवाय आम्ही कामाला हात लावत नाही. संशयाची जागा दोन्ही टोकांकडून मोजतो. दोन अंतरांची बेरीज शाफ्टच्या लांबीएवढी भरली, तरच तिरपी लहर सोडणाऱ्या अँगल प्रोबनं पुढं जातो.

नवा शाफ्ट महाग, त्यात यायलाही वेळ. त्यामुळे ‘एवढा हंगाम निघेल का?’ हा चीफ इंजिनिअरसाहेबांचा पहिला प्रश्न. त्यावर आम्ही जुने रिपोर्ट काढतो. तोच शाफ्ट, तीच जागा, तेच सेटिंग. इको वाढला की नाही ते समोर दिसतं. आमची खरी पुंजी मशीन नव्हे, ह्या फायली आहेत.

पुढं फौंड्र्याही आल्या, एसजी आयर्न ह्या गोल ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडामुळे. त्यात ग्रॅफाइट गोल बसलं तर लहरीचा वेग ५,६०० मीटरच्या आसपास मिळतो. बराच कमी आला तर तो हीट (एका वेळी वितळवून ओतलेला माल) बाजूला काढायचा. जाडी अचूक मोजली की कास्टिंग न कापता उत्तर मिळतं. हल्ली पावसाळ्यानंतरचे महिने यावरच निघतात.

फेज्ड ॲरे (एका प्रोबमध्ये अनेक छोटे घटक असलेलं मशीन) घ्या म्हणून विक्रेते मागे लागलेत. वेल्डिंगच्या कामाला तो उत्तम. पण तसं काम आमच्याकडे अधूनमधूनच येतं. तेव्हा भाड्यानं आणतो.