रिकाम्या कोप्या

मोहोळ तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. हंगामात कालव्याच्या कडेला ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडच्या बायांशी बोलता येतं. त्या वर्षीची टोळी मात्र मध्य प्रदेशातल्या बडवानीची होती, बारेली बोलणारी. मी दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा सकाळी 11 ला. कोप्यांत, म्हणजे त्यांच्या झोपड्यांत, म्हातारी आणि पोरं तेवढी. बाया पहाटेच फडात गेलेल्या. वहीत 'गरोदर माता 0' लिहून परतले. ते शून्य मला अजून बोचतं.

जानेवारीत आशाताईंचा, म्हणजे आमच्या आशा सेविकेचा, फोन आला, मोळी उचलताना एक बाई मटकन खाली बसली. गेले तर पायांवर सूज, बीपी 170/110, पोट आठव्या महिन्याचं. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, बाळ हलतं का, सगळं विचारायचं होतं आणि तिला ना मराठी येत होतं ना हिंदी. तिची नऊ-दहा वर्षांची पोरगी मोडकंतोडकं हिंदी बोलायची. मी लेकराला विचारायची, ते आईला. बाळाच्या हालचालीपाशी पोर अडली. मग तिनं स्वतःच आईच्या पोटावर हात ठेवला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हिलता है." एवढ्याशा जिवावर असलं काम टाकू नये. पण दुसरं होतं कोण?

मुकादम आला. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई गेली की नवऱ्याचाही खाडा, आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, तर आधीच घेतलेली.

"मॅडम, आजची गाडी तेवढी भरू द्या, उद्या मीच नेतो."

"दादा, रात्रीत झटके आले तर?"

तो गप्प झाला. 108 ला सांगायला फडाचा पत्ता नव्हता; आशाताई डांबरी रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात झटके टाळणारी मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं देऊन तिला पुढे पाठवलं.

मी सोबत गेले. पुढच्या सरकारी दवाखान्यात खिडकीवर आधार आणि रेशनकार्ड मागितलं. दोन्ही गावाकडे. नवरा काही न बोलता मागे फिरला होता. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, गाडी सगळं मोफत आहे, बाई कुठल्याही राज्यातली असो. त्या खिडकीवर मी हे चार वेळा सांगितलं. मी नसते तर त्यानं तिला परत कोपीवर आणलं असतं.

सिझर झालं. मुलगा, पावणेदोन किलोचा. दोघंही वाचली.

आता मी कोप्यांवर संध्याकाळी 7 नंतर जाते, चुली पेटलेल्या असतात तेव्हा. त्या बाळाच्या कार्डावर पत्त्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना, माझाच मोबाइल नंबर लिहिला. फेब्रुवारीअखेर टोळी पुढच्या फडावर गेली. दीड महिन्याच्या लसींची तारीख आली, त्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन वाजला. पलीकडे ती पोरगी.

"दीदी, भाई को सुई कहाँ लगेगी?"