तिलारीचा उतार आणि मांद्र्यातली मेलेली बॅटरी: हायब्रिड एसयूव्हीने पुणे-गोवा-पुणे

गाडी घेताना मला दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या. एक, हायब्रिडला घाट म्हणजे पर्वणी, उतारावर बॅटरी भरत राहते आणि पेट्रोल लागतच नाही. दोन, हिला वेगळा स्टार्टर नाही, इंजिन मोठ्या बॅटरीवरच चालू होतं, त्यामुळे बॅटरी उतरून अडकण्याचा प्रश्नच नाही. दोन्ही वाक्यं अर्धी खरी आहेत. उरलेल्या अर्ध्याने नोव्हेंबरात आम्हाला एकदा घाटात आणि एकदा पहाटे पाच वाजता परक्या अंगणात गाठलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी मध्यम आकाराची स्ट्राँग हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर एकटीनेही गाडी ओढू शकणारी विजेची मोटर असलेली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं या जातीच्या कुठल्याही गाडीला लागू पडतं. माइल्ड हायब्रिडवाल्यांनी यातलं मायलेज आपल्याला लावून घेऊ नये. त्यांची मोटर इंजिनाला फक्त हात देते, एकटीने गाडी ओढत नाही. गाडीत मी, बायको, आई आणि लेक. सामान गच्च. हायब्रिडच्या बॅटरीमुळे डिकी लहान होते, हे शोरूममध्ये रिकाम्या गाडीकडे बघताना लक्षात येत नाही. चार माणसांचं आठवड्याचं सामान मावेना, तेव्हा एक बॅग मागच्या सीटपाशी खाली ठेवली. ती बॅग पुढे नडली.

पुणे ते कोल्हापूर म्हणजे नुसता वैताग. साताऱ्यापासून पुढे सहापदरीकरणाचं काम, दर काही मैलांवर वळवलेला रस्ता, कराडपाशी रांगच रांग, आणि टोलनाके आहेतच. मोकळं मिळालं तिथे १०० ते ११० ने चालवली. कोल्हापुरात टाकी भरली तेव्हा २३६ कि.मी.ला १३.१ लिटर बसलं होतं, म्हणजे लिटरला १८. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या रोजच्या कोंडीत हीच गाडी मला २३ ते २४ देते. पेट्रोल गाडीतून आलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. मलाही पहिल्यांदा वाटलं, गाडीत काहीतरी बिघडलंय.

बिघाड काही नसतो. कोंडीत इंजिन बंद पडतं, मोटर गाडी सरकवते आणि प्रत्येक ब्रेकला थोडी वीज परत मिळते. हायवेला १०० च्या पुढे ब्रेक लागत नाही, मोटरला फार काम उरत नाही आणि उंच एसयूव्ही वारा कापत राहते. त्या वेगाला ही एक साधी पेट्रोल गाडी असते, वर बॅटरीचं ओझं वाहणारी. ८०-८५ वर आलात की फरक लगेच दिसतो. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो, आणि त्या चाचणीतला सर्वांत जास्त वेग ताशी ९० कि.मी. असतो. शिवाय आता पंपावर मिळतं ते ई२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे सहा-सात टक्के तिथेच गेले. तुमचं रोजचं धावणं पुणे-मुंबई द्रुतगतीवर असेल, तर मायलेजसाठी हायब्रिडचे जादा पैसे मोजू नका. वसूल होणार नाहीत.

कोल्हापूरहून गोव्याला जायचा आमचा नेहमीचा रस्ता संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी. या वेळी मोबाइलच्या नकाशाने गडहिंग्लजनंतर नेसरी, चंदगड, तिलारीनगर आणि तिलारी घाट असा रस्ता दाखवला. पंचवीस मिनिटं वाचत होती. मी ऐकलं.

तिलारी घाट लांबीला फार नाही, पण सह्याद्रीचा कडा तिथे फार थोडक्यात खाली उतरवलाय. तीव्र उतार आणि एकाखाली एक आवळलेली वळणं. अवजड वाहनांसाठी हा घाट बदनाम आहे. मी निर्धास्त होतो, कारण डोक्यात ते पहिलं वाक्य होतं. पहिली दोन-तीन वळणं खरोखर सुरेख गेली. इंजिन बंद, गाडी शांत, बॅटरीच्या रेघा भराभर वर. लेक मागून रेघा मोजत होती. आणि मग रेघा पूर्ण भरल्या.

त्यानंतर काय होतं, ते शोरूममध्ये कुणी सांगत नाही. बॅटरी भरली की मोटर वीज घ्यायचं थांबवते. तोवर पायाखालच्या ब्रेकचं निम्मं काम मोटरच करत होती, ते अचानक सगळं डिस्क आणि पॅडवर आलं. पेडल पायाला वेगळं लागायला लागलं, तेवढ्याच दाबाला गाडी कमी थांबते असं वाटलं. वेग आवरायला गाडीने आपणहून इंजिन फिरवायला घेतलं, तेही असल्या आवाजात की आई मागून म्हणाली, "अरे, गाडी ओरडतेय का अशी? थांबव आधी." थांबवायला जागा नव्हती. समोरून एक जीप वर येत होती, मी कडेला दाबून उभा राहिलो. जीपवाल्याने काच खाली करून नाक वर केलं. "साहेब, लायनर जळतायत. बारीक गियरला टाका." मी म्हटलं, ऑटोमॅटिक आहे. तो म्हणाला, "मग त्यात पण असेल की काहीतरी!"

होतं. गियरच्या दांड्यावर डी खाली बी लिहिलेलं असतं. वर्षभर मी त्याला हात लावला नव्हता, कारण बी म्हणजे बॅटरी जास्त चार्ज करणं अशी माझी समजूत होती. बी हा उतारावरचा इंजिन ब्रेक आहे. बॅटरी भरलेली असली तरी तो इंजिनाला पेट्रोल न देता नुसतं फिरवतो आणि त्या रेट्याने गाडी धरून ठेवतो. आवाज मोठा येतो. येऊ द्या, तो आवाज बिघाडाचा नाही. बीमध्ये टाकून २० च्या वेगाने उरलेला घाट उतरलो. खाली भेडशीच्या अलीकडे थांबलो तेव्हा पुढच्या चाकांशी हात नेववत नव्हता. अर्धा तास चाकं निवू दिली. पाणी मारू नका, तापलेल्या डिस्क वाकड्या होतात.

रात्री हिशोब मांडला. गाडी, माणसं, सामान मिळून १६०० किलो धरा. शंभर मीटर खाली उतरताना सुटणारी ऊर्जा जवळजवळ ०.४४ युनिट. या वर्गातल्या हायब्रिडची बॅटरी पाऊण ते दीड युनिटची, आणि तिचं आयुष्य टिकावं म्हणून गाडी ती पूर्ण रिकामीही करत नाही आणि पूर्ण भरतही नाही. म्हणजे शंभर-दीडशे मीटर उतरलात की बॅटरी भरली. घाटमाथा ते कोकण त्याच्या कितीतरी पट खोल आहे. उतार सुरू होतानाच बीमध्ये टाका, रेघा भरायची वाट बघू नका. भरलेली ऑटोमॅटिक गाडी घेऊन पहिल्यांदाच जात असाल, तर तिलारीने जाऊच नका. आंबोलीला पंचवीस मिनिटं जास्त लागू देत.

त्या बॅगेचं राहिलं. मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते. मोठी बॅटरी थंड ठेवणारा पंखा तिथून हवा ओढतो. आमची बॅग नेमकी तिला टेकलेली. चंदगडच्या अलीकडेच मागून केस वाळवायच्या यंत्रासारखा आवाज येत होता, आम्ही एसी समजून दुर्लक्ष केलं. थांबल्यावर बघितलं, बॅग हलवली, दहा मिनिटांत पंखा शांत. चादर, उशी, मुलांचे टॉवेल, काहीही तिथे ठेवू नका. जाळीमागचा फिल्टर प्रत्येक सर्व्हिसिंगला साफ करून घ्या आणि समोर उभं राहून घ्या. मागच्या सीटवर कुत्रा बसत असेल तर अधूनमधून स्वतःच बघा.

गोव्यात मांद्र्याला पोचलो. कोल्हापूरपासून २०० कि.मी., साडेनऊ लिटर, म्हणजे २१. पहिले दोन दिवस गाडीने फिरलो, २१२ कि.मी. आणि लिटरला साडेपंचवीस. गोव्याचे अरुंद, सावकाश रस्ते हायब्रिडसाठीच केलेत असं वाटतं. पुढचे तीन दिवस स्कूटर भाड्याने घेतली. ते दिवस चांगले गेले.

निघायच्या दिवशी पहाटे पाचला दाराशी गेलो तर गाडी उघडेना. बटणाला आवाज नाही, दिवा नाही. किल्लीच्या पोटात लपलेली धातूची किल्ली काढून दार उघडलं. आत सगळा अंधार. मोठी बॅटरी जवळजवळ भरलेली आणि गाडी ठार मेलेली. हायब्रिडमध्ये इंजिन फिरवायचं काम मोठी बॅटरी करते हे खरं. पण गाडीचे संगणक जागे करायचं आणि मोठ्या बॅटरीचा रिले, म्हणजे तिचा विजेवर चालणारा स्विच, जोडायचं काम साध्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचं. ती उतरली की मोठीपर्यंत पोचायला वाटच नाही. छोटी उतरायला आमच्याकडे दोन कारणं होती. डॅशकॅम पार्किंगमध्येही चालू राहील असा जोडून घेतला होता. आणि किल्ली तीन दिवस खिडकीतल्या खुंटीला, गाडीपासून हातभर अंतरावर. किल्ली जवळ असली की गाडी तिच्याशी बोलत राहते, झोपत नाही.

कंपनीच्या मदतक्रमांकावर चार तास सांगितले. घरमालक काकांनी ओळखीतून एक मेकॅनिक बोलावला. तो आल्याआल्या म्हणाला, "हाय व्होल्टेज आहे, त्याचा चार्ज वेगळा." साडेनऊ हजार मागितले. आई बाहेर पायरीवर बसलेली, लेक पेंगलेली, पुढे सव्वाचारशे कि.मी. मी साडेसहा हजारांवर कबूल झालो. आमच्या गाडीत छोटी बॅटरी डिकीत आहे, आणि डिकीचं कुलूप विजेवर चालतं, म्हणून ती उघडेना. त्याने मागची सीट पाडून आतून हात घालायचा प्रयत्न केला, दोन क्लिपा मोडल्या, दोन तास घालवले. शेवटी बायकोने मोबाइलवर गाडीचं मॅन्युअल उघडलं. बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात लाल टोपीखाली जंप देण्यासाठीच, म्हणजे बाहेरच्या बॅटरीची वीज जोडण्यासाठी, वेगळा खिळा दिलाय. तिथे प्लस, इंजिनाच्या धातूला मायनस, ब्रेक दाबून बटण, आणि गाडी चालू झाल्याचा रेडी दिवा लागला. लागलेला वेळ, चार मिनिटं. पैसे मात्र त्याने पूर्ण घेतले, आणि मी दिले, याचा राग आजही आहे. असं कुणी "हायब्रिड चार्ज" सांगितला, तर एक रुपया जास्त देऊ नका. हे काम १२ व्होल्टचंच आहे. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींना मात्र स्वतः किंवा असल्या मेकॅनिककडून कधीच हात लावू देऊ नका.

इंजिन फिरवायचं नसल्यामुळे जाडजूड केबलचीही गरज नाही, हातात मावणारा जंप स्टार्टरसुद्धा पुरतो. उलट दुसऱ्याच्या डिझेल गाडीला आपल्या हायब्रिडने जंप देऊ नका, तिला लागणारा करंट ही छोटी बॅटरी आणि तिचं सर्किट देऊ शकत नाही. टोईंगची वेळ आली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू द्यायची नाही, पूर्ण गाडी ट्रकवर चढवायची. गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल, तर आठवड्यातून एकदा तासभर रेडीमध्ये ठेवा. पाच मिनिटं चालू करून बंद केल्याने काही भरत नाही. आणि कोंडीत एनमध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये, टाकून बसू नका. एनमध्ये इंजिन चालू असलं तरी मोठी बॅटरी भरत नाही.

परत आंबोलीने आलो. चढाला रेघा दोनवर आल्या, तिथून पुढे गाडी फक्त इंजिनाच्या जोरावर चढते आणि एरवीचा तो चटकन मिळणारा रेटा मिळत नाही. त्या वेळी एसटीला ओव्हरटेक करायला जाऊ नका. मी एकदा गेलो आणि मागे आलो. गोव्यात टाकी भरून घ्या, महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं. परतीचे ४३० कि.मी., २२.६ लिटर. सगळा प्रवास १०७८ कि.मी. आणि ५३.५ लिटर, म्हणजे लिटरला २०.१. स्क्रीन २१.४ दाखवत होती. टाकी ते टाकी मोजा, स्क्रीनवर विश्वास ठेवू नका.

एवढं होऊन गाडी विकणार का, असं मेव्हण्याने विचारलं. नाही. त्याच्याकडेही हायब्रिडच आहे, नाशकात ६० हजार कि.मी. झाले, मोठ्या बॅटरीची एक तक्रार नाही आणि ब्रेक पॅड अजून पहिलेच. या गियरबॉक्समध्ये क्लच नाही, पट्टा नाही, झिजायला फारसं काही नाही, आणि १९९७ च्या टोयोटा प्रियसपासून हे तंत्र जगभर रस्त्यावर आहे. मोठ्या बॅटरीची धास्ती घेऊन हायब्रिड नाकारणाऱ्यांना माझं सांगणं आहे, ती भीती सोडा. विचारायचं ते छोटीबद्दल विचारा. कुठे आहे, वॉरंटी किती, जंपचा खिळा कुठे. हे तिन्ही डिलिव्हरी घेताना प्रत्यक्ष दाखवून घ्या. माझी पुण्यात वॉरंटीत बदलून मिळाली, दोन चकरा आणि एका भांडणानंतर. डॅशकॅमची पार्किंगची वायर त्याच दिवशी काढली.

जंप केबल आता माझ्या सीटखाली असते. डिकीत ठेवू नका. बॅटरी मेल्यावर डिकी उघडत नाही.